केमोच्या आधी चार मीटर चालून दाखवा

कान, पाय आणि गोळ्यांचा डबा

ऐकायला नीट येतं का? गेल्या सहा महिन्यांत कधी पडलात का? गोळ्या स्वतःच्या स्वतः घेता, की कुणी काढून देतं? कोपऱ्यावरच्या दुकानापर्यंत चालत जाता येतं का? तब्येतीमुळे किंवा मन लागत नाही म्हणून हल्ली लोकांकडे जाणं-येणं कमी झालंय का?

कॅन्सरच्या ओपीडीत सत्तरी ओलांडलेल्या माणसाला हे प्रश्न विचारले, की सोबत आलेला मुलगा चुळबुळ करायला लागतो. त्याच्या हातात बायोप्सीचा रिपोर्ट आहे, स्कॅनची सीडी आहे, रात्रभर इंटरनेटवर वाचलेल्या औषधांची नावं आहेत. आणि डॉक्टर बाबांच्या कानाची चौकशी करत बसलेत.

ही चौकशी नेमकी कशासाठी, याचं उत्तर २०११ साली मिळालं. कॅलिफोर्नियातल्या ‘सिटी ऑफ होप’ या कॅन्सर केंद्रातल्या डॉ. आरती हुरिया आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी केमो सुरू होणाऱ्या ६५ वर्षांवरच्या ५०० रुग्णांची बारकाईने नोंद ठेवली. त्यांतल्या ५३ टक्क्यांना केमोचा गंभीर ते जीवघेणा त्रास झाला. कुणाला होणार हे आधी कशावरून ओळखता आलं असतं, हे तपासल्यावर अकरा गोष्टी हाती लागल्या. त्यांतल्या सहा कुठल्याही डॉक्टरला सुचतील अशा: वय ७२ किंवा जास्त असणं, कॅन्सर पचनमार्गाचा किंवा मूत्र-जननमार्गाचा असणं, पूर्ण डोस देणं, एकाहून अधिक औषधं एकत्र देणं, हिमोग्लोबिन कमी असणं आणि किडनीची क्षमता घटलेली असणं. उरलेल्या पाच म्हणजे वर विचारलेले पाच प्रश्न.

या अकरांना गुण देऊन रुग्णांचे तीन गट केले, तेव्हा सर्वात कमी गुणांच्या गटात गंभीर त्रासाचं प्रमाण ३० टक्के निघालं, मधल्या गटात ५२ आणि वरच्या गटात ८३. याउलट डॉक्टर रुग्णाकडे पाहून एरवी जो ‘हिंडतो-फिरतो का’ असा ठोकळ शेरा मारतात, त्या शेऱ्यावरून कुणाला त्रास होणार हे सांगता आलं नाही. ज्येष्ठांच्या कॅन्सर उपचारांबद्दल एकच गोष्ट लक्षात ठेवायची असेल, तर मी ही ठेवेन.

वय नावाची पळवाट

भारतात कायद्याने ६० पूर्ण झाले की माणूस ज्येष्ठ नागरिक होतो. अमेरिकेतल्या ऑन्कॉलॉजिस्टांच्या संघटनेच्या मार्गदर्शक सूचना ६५ पासून लागू होतात. बऱ्याच अभ्यासांमध्ये रेघ ७० वर असते. रेघ कुठेही ओढली, तरी त्या पलीकडची माणसं एकसारखी नसतात. ७६ व्या वर्षी आळंदीहून पंढरपूरला चालत जाणारे वारकरी असतात, आणि ६३ व्या वर्षी जिना चढताना दोनदा बसणारेही असतात.

वयाबरोबर शरीराची राखीव ताकद कमी होते. बसल्या जागी ते कळत नाही, कारण रोजच्या कामाला ही राखीव ताकद लागतच नाही. ती लागते ऑपरेशनच्या टेबलावर, किंवा केमोनंतरच्या दुसऱ्या आठवड्यात पांढऱ्या पेशी खाली जातात तेव्हा. तरुणाची बोनमॅरो पटकन सावरते, म्हाताऱ्याची सावकाश. किडनीची गाळण्याची क्षमता चाळिशीनंतर दर वर्षी सरासरी मिनिटाला एक मिलिलिटरच्या आसपास घटत जाते. आणि इथे लॅबचा कागद फसवतो. क्रिएटिनिन स्नायूंतून तयार होतं, त्यामुळे स्नायूच झडलेल्या माणसात ते कमी दिसतं. ७८ वर्षांच्या, ४२ किलो वजनाच्या आजींचं क्रिएटिनिन १.० आलं, तर रिपोर्टवर ते ‘नॉर्मल’च्या रकान्यात बसतं. वय आणि वजन धरून नेहमीच्या सूत्राने हिशेब केला, तर त्यांची किडनी मिनिटाला जेमतेम ३१ मिलिलिटर काम करते आहे असं निघतं. कार्बोप्लॅटिनसारख्या औषधाचा डोस किडनीच्या क्षमतेवरून ठरतो. सिस्प्लॅटिन अशा किडनीला देऊच नये असं बहुतेक डॉक्टर म्हणतील.

हे वाचून ‘म्हणजे या वयात केमो नकोच’ असा निष्कर्ष काढायचा मोह होतो. तो तितकाच घातक आहे. स्तनाच्या सुरुवातीच्या टप्प्यातला कॅन्सर असलेल्या, ६५ वर्षांवरच्या ६३३ स्त्रियांवरचा एक अमेरिकन अभ्यास २००९ मध्ये प्रसिद्ध झाला. निम्म्या स्त्रियांना नेहमीची केमो दिली, निम्म्यांना त्या मानाने सोपी वाटणारी कॅपेसिटाबिनची गोळी. गोळीच्या गटात कॅन्सर उलटण्याचा किंवा मृत्यूचा धोका जवळपास दुप्पट निघाला. वयाकडे पाहून ‘हलकंच काहीतरी द्या’ म्हणणाऱ्या प्रेमळ नातेवाइकांनी हा अभ्यास ध्यानात ठेवावा. सोसणार नाही त्याला पूर्ण डोस देणं ही एक चूक, आणि सोसेल त्याला वयाच्या नावाखाली अर्धवट उपचार देणं ही दुसरी. आपल्याकडे दुसरी चूक सहानुभूतीच्या वेषात येते, म्हणून ती चूक वाटत नाही.

ही पद्धत आली कुठून

नुसत्या वयावर न जाता माणसाला असं सर्वांगाने तपासण्याची मूळ कल्पना कॅन्सरवाल्यांची नाहीच. १९३५ च्या सुमारास लंडनच्या वेस्ट मिडलसेक्स हॉस्पिटलमध्ये डॉ. मार्जरी वॉरेन यांच्याकडे शेजारच्या अनाथ-निराधारांच्या इस्पितळातले शेकडो म्हातारे रुग्ण सोपवले गेले. कित्येक वर्षं ते खाटेवर नुसते पडून होते. वॉरेनबाईंनी एकेकाला नीट तपासलं, उठवलं, चालवलं, आणि त्यांतल्या बऱ्याच जणांना घरी जाता आलं. वृद्धांची सर्वांगीण तपासणी हा वैद्यकशास्त्राचा विषय झाला तो तिथून.

कॅन्सरच्या क्षेत्रात तो शिरायला पुढची साठेक वर्षं लागली. ज्येष्ठांच्या कॅन्सरचा अभ्यास करणारी आंतरराष्ट्रीय संस्था २००० साली स्थापन झाली. अमेरिकी ऑन्कॉलॉजिस्टांच्या संघटनेने २०१८ मध्ये केमो घेणाऱ्या ६५ वर्षांवरच्या रुग्णांसाठी ही तपासणी करावी, अशी सूचना काढली आणि २०२३ मध्ये ती केमोपलीकडच्या औषधोपचारांनाही लागू केली. त्या पहिल्या सूचनेच्या लेखकांत आरती हुरिया होत्या. २०१८ च्याच नोव्हेंबरमध्ये रस्त्यावरच्या अपघातात त्या गेल्या. मुंबईत परळच्या टाटा मेमोरियल हॉस्पिटलमध्येही ज्येष्ठ रुग्णांसाठीची स्वतंत्र ओपीडी २०१८ मध्येच सुरू झाली. वैद्यकीय ऑन्कॉलॉजिस्ट डॉ. वनिता नोरोन्हा यांचा त्यात पुढाकार आहे.

आधी चाळणी

पूर्ण तपासणीला तास-दीड तास लागू शकतो. गर्दीच्या ओपीडीत तो प्रत्येकाला मिळणं कठीण, म्हणून आधी छोटी चाळणी लावतात. ‘जी-एट’ ही त्यांतली सर्वात रुळलेली. आठ मुद्दे: भूक, वजनातली घट, हालचाल, स्मृती आणि मनःस्थिती, उंचीच्या मानाने वजन, औषधांची संख्या, वय, आणि ‘तुमच्या वयाच्या इतरांच्या तुलनेत तुमची तब्येत कशी आहे असं तुम्हाला वाटतं?’ हा एक गमतीदार पण कामाचा प्रश्न. एकूण गुण १७. १४ किंवा कमी मिळाले, तर पुढची सविस्तर तपासणी करायची.

ही चाळणी युरोपात तयार झाली आहे आणि तिथल्या अंगापिंडाचा हिशेब तिच्यात आहे. आपल्याकडची मुळातच शेलाट्या बांध्याची, पण धडधाकट असलेली माणसंही तिच्यात अडकतात. अडकली तर बिघडत नाही, पुढच्या तपासणीत खुलासा होतो. फक्त चाळणीचे गुण हाच निकाल समजून उपचार नाकारायचे नसतात.

रोजच्या कामांची उलटतपासणी

सविस्तर तपासणीची सुरुवात साध्या व्यवहारांपासून होते. अंघोळ, कपडे, संडासला जाणं, खाटेवरून उठणं, जेवणं ही प्राथमिक कामं झाली. त्यावर फोन करणं, पैशांचा व्यवहार, बाजारहाट, स्वयंपाक, एकट्याने प्रवास, स्वतःची औषधं घेणं ही जरा वरच्या पायरीची. दुसऱ्या यादीतलं काम आधी सुटतं, पहिल्या यादीतलं नंतर.

या याद्या अमेरिकेत साठच्या दशकात बनल्या आणि आपल्याकडे त्या जशाच्या तशा लावल्या, तर विनोद होतो. ‘स्वयंपाक करता का?’ या प्रश्नाला आपल्याकडचे कित्येक आजोबा जन्मभर ‘नाही’ असंच उत्तर देत आले असते. ते अशक्तपणाचं लक्षण नव्हे (दुसऱ्या कशाचं आहे, तो वेगळा विषय). मूळ यादी करणाऱ्यांनीही पुरुषांसाठी स्वयंपाक, घरकाम आणि कपडे धुणं वगळलं होतंच. म्हणून खरा प्रश्न असा विचारावा लागतो, की आधी करत होतात आणि हल्ली सुटलं, असं काय आहे? सकाळी दूध आणायला जाणं, बँकेत जाऊन पासबुक भरून आणणं, गोठ्यातलं काम, भजनी मंडळ. एक प्रश्न तर परदेशी याद्यांत सापडणारच नाही: उकिडवं बसून, आधाराशिवाय उठता येतं का? मांड्यांची ताकद, गुडघे, तोल या सगळ्यांची परीक्षा भारतीय पद्धतीच्या संडासात रोज सकाळी होत असते. ‘कमोड बसवून घेतला’ हे घरच्यांनी सहज सांगितलेलं वाक्य डॉक्टरने लिहून ठेवावं इतकं मोलाचं आहे.

मग प्रत्यक्ष चालून दाखवायचं. नेहमीच्या चालीने चार मीटर. पाच सेकंदांपेक्षा जास्त लागले, तर वेग सेकंदाला ०.८ मीटरच्या खाली आला, म्हणजे काळजीचं कारण आहे. दुसरी चाचणी खुर्चीतून उठून तीन मीटर जाऊन, वळून, परत येऊन बसण्याची. बारा-चौदा सेकंदांच्या वर वेळ गेला, तर पडण्याचा धोका अधिक. कुठलं यंत्र नाही, सुई नाही, खर्च नाही. भिंतीवरचं घड्याळ आणि जमिनीवर चिकटवलेली एक पट्टी पुरते.

पडण्याबद्दल खोदून विचारावं लागतं, कारण म्हातारी माणसं पडलेली सांगत नाहीत. ‘पडलो नाही, जरा पाय सटकला’ हेसुद्धा पडणंच. पॅक्लिटॅक्सेल, ऑक्झॅलिप्लॅटिन, विन्क्रिस्टिन या औषधांनी तळपायांना बधिरता येते. आधीच मधुमेहाने पाय सुन्न असलेल्या माणसाला अशी औषधं द्यायची आणि बाथरूममध्ये दांडी नाही, असं असेल, तर कॅन्सर आटोक्यात येत असताना खुब्याचं हाड मोडतं.

आठवण, आणि घड्याळाचं चित्र

मेंदूची चाळणी दोन-तीन मिनिटांत होते. तीन शब्द सांगायचे, घड्याळाचं चित्र काढून अमुक वेळ दाखवायला लावायची, मग ते तीन शब्द परत विचारायचे. पाचपैकी तीनपेक्षा कमी गुण आले, तर आणखी तपासायचं. जी बाई कधी शाळेत गेली नाही, जिने आयुष्यात हातात पेन धरलं नाही, तिच्यापुढे कागद सरकवून घड्याळ काढायला सांगणं अन्यायाचं आहे. ही अडचण ओळखून हरियाणातल्या बल्लभगडच्या निरक्षर ग्रामीण वृद्धांसाठी नव्वदच्या दशकात हिंदीतून वेगळी प्रश्नावली तयार झाली. तारखेऐवजी दिवसाची वेळ विचारावी, वाचण्या-लिहिण्याऐवजी ओळखीच्या गोष्टींबद्दल विचारावं, अशी तिची धाटणी.

स्मृतीशी कॅन्सरचा संबंध काय, तर थेट आहे. केमो आता सलाईनमधूनच येते असं नाही. कॅपेसिटाबिनच्या गोळ्या बहुधा दिवसातून दोनदा, चौदा दिवस घ्यायच्या आणि सात दिवस थांबायचं असतं. विसरून डोस चुकला तर उपचार वाया, आणि घेतल्याचं विसरून पुन्हा घेतला तर जुलाबांनी जीव जायची पाळी. ताप १००.४ च्या वर गेला तर रात्रीसुद्धा हॉस्पिटल गाठायचं, ही सूचना कुणाच्या लक्षात राहणार? पहिल्या भागातल्या कानाच्या प्रश्नाचा एक धागा इथेही आहे: न ऐकू आलेल्या सूचनेला होकारार्थी मान डोलावण्यात आपली वडीलधारी मंडळी पटाईत असतात. शिवाय स्मृती आधीच कमजोर असेल, तर मोठ्या ऑपरेशननंतर भ्रम होण्याची शक्यता वाढते. आजोबा रात्री नळ्या ओढून काढतात, माणसं ओळखत नाहीत, घरचे हादरतात. आधी माहीत असलं तर रात्री जवळ ओळखीचं माणूस ठेवता येतं, चष्मा आणि कानाचं यंत्र लगेच परत लावता येतं, भ्रम वाढवणारी औषधं टाळता येतात.

‘मला आता काय करायचंय’

मनःस्थितीसाठी हो-नाही उत्तरांची पंधरा प्रश्नांची यादी वापरतात. पाचाहून जास्त गुण नैराश्याकडे बोट दाखवतात. आपल्याकडे नैराश्य क्वचितच त्या नावाने बोलतं. ‘मला आता काय करायचंय, माझं झालं सगळं’ हे वाक्य घरात तत्त्वज्ञान म्हणून ऐकलं जातं. कधी ते खरोखर विचारपूर्वक असतं, आणि त्याचा मान राखायला हवा. पण झोप उडालेली, जेवण सुटलेलं, नातवंडांतही रस नाही, अशा माणसाच्या तोंडून ते आलं, तर उपचार नाकारण्याचा निर्णय मान्य करण्याआधी नैराश्यावर उपचार करावेत. नंतरही तो तेच म्हणाला, तर प्रश्न वेगळा.

ताटात काय आणि पिशवीत काय

सहा महिन्यांत वजन न ठरवता पाच टक्क्यांहून अधिक उतरलं, तर ती धोक्याची खूण. कवळी सैल झाल्याने भाकरी सुटते, मग वरण-भाताचा मऊ घास, मग नुसतंच पातळ. त्यात एकादशी, चतुर्थी, चातुर्मास. आणि त्यावर हल्लीची नवी भर: ‘साखरेने कॅन्सर वाढतो’ म्हणून भात, पोळी, फळं, दूध सगळं बंद. हाडांवर कातडं उरलेल्या माणसाचं अन्न तोडणाऱ्या या सल्ल्याची मला मनापासून चीड आहे. स्नायू गेले की औषधाचं विष वाढतं. या काळात अंडं, डाळ, दूध, दाण्याची चटणी, चमचाभर तूप या गोष्टी औषधाइतक्याच महत्त्वाच्या.

औषधांची तपासणी करायचा उत्तम मार्ग म्हणजे घरातली झाडून सगळी औषधं एका पिशवीत भरून डॉक्टरांच्या टेबलावर ओतणं. पाच किंवा अधिक औषधं रोज चालू असणं ही या वयात सामान्य गोष्ट आहे. एक हृदयवाल्यांनी दिलेलं, एक हाडांच्या डॉक्टरांचं, झोपेची गोळी शेजारच्या मेडिकलमधून वर्षानुवर्षं आणलेली, आणि सर्दीची गोळी कुणीच औषध म्हणून मोजत नाही. क्लोरफेनिरामिनसारख्या सर्दीच्या औषधांनी वृद्धांना गुंगी येते, लघवी अडते, डोकं गोंधळतं. अमेरिकन डॉक्टर मार्क बीअर्स यांनी १९९१ मध्ये वृद्धांसाठी टाळण्याजोग्या औषधांची यादी पहिल्यांदा केली, ती अजून सुधारत सुधारत वापरात आहे आणि ही औषधं तिच्यात आहेत. गुडघ्यांसाठी घेतलेली वेदनाशामक गोळी किडनीवर ताण आणते. वॉरफरिन चालू असताना कॅपेसिटाबिन दिलं, तर रक्त जास्त पातळ होऊन गंभीर रक्तस्राव होऊ शकतो. केमोने भूक गेली आणि मधुमेहाची गोळी पूर्वीच्याच डोसात चालू राहिली, तर पहाटे साखर उतरते. वजन दहा किलोंनी कमी झालं आणि बीपीची गोळी तीच राहिली, तर उठताना चक्कर येते, आणि पुन्हा पडणं आलं. काढे, भस्मं, कुणी आणून दिलेल्या पुड्या हेही पिशवीत टाकावं. डॉक्टर रागावतील म्हणून लपवलेलीच वस्तू नेमकी नडते.

घरी कोण असतं

हा प्रश्न उपचाराच्या पत्रकावर नसतो, पण निम्मा उपचार त्यावर चालतो. सातारच्या एका गावातून दर तीन आठवड्यांनी पुण्याला यायचं तर गाडी कुणाची, दिवस कुणाचा मोडणार, गाई-म्हशी कोण बघणार? शहरात चित्र वेगळं आणि तितकंच बिकट. पुण्यातल्या कित्येक सोसायट्यांमध्ये जोडपी एकेकटी राहतात, मुलं न्यू जर्सीत किंवा मेलबर्नला. मुलगा व्हिडिओ कॉलवरून डॉक्टरांना नेमके प्रश्न विचारतो, पैशांची तोशीस पडू देत नाही. पण रात्री दोनला ताप चढला, तर जिन्यावरून खाली आणणार कोण? पंचाहत्तरीतल्या नवऱ्याला सांभाळणारी बाई स्वतः सत्तरीची, गुडघ्यांनी गांजलेली. तिचीही चौकशी या तपासणीत करतात, कारण ती खाली बसली, तर केमोचं वेळापत्रक बसलंच.

परळला येणाऱ्या बाहेरगावच्या रुग्णांना दादरच्या गाडगे महाराज धर्मशाळेचा आधार पिढ्यान्‌पिढ्या आहे. ७० वर्षांवरच्या सर्वांना, उत्पन्नाची अट न ठेवता, आयुष्मान भारत योजनेतून वर्षाला पाच लाखांपर्यंतचं संरक्षण २०२४ मध्ये लागू झालं. अशी माहिती देणारा सामाजिक कार्यकर्ता या तपासणीच्या चमूत असतो तो उगीच नाही.

त्याने फरक पडतो का

पडतो, आणि त्याचे पुरावे चांगले आहेत. २०२१ मध्ये ‘लॅन्सेट’मध्ये आलेल्या एका अमेरिकन चाचणीत ७० वर्षांवरचे, बरा न होणारा कॅन्सर असलेले ७१८ रुग्ण होते. निम्म्या डॉक्टरांच्या हाती तपासणीचा निष्कर्ष आणि काय करावं याच्या सूचना दिल्या, उरलेल्यांनी नेहमीसारखा उपचार केला. गंभीर त्रासाचं प्रमाण नेहमीच्या गटात ७१ टक्के, तर तपासणीच्या गटात ५१. पडण्याचं प्रमाण २१ वरून १२ टक्क्यांवर. ‘सिटी ऑफ होप’मधल्या सहाशेहून अधिक रुग्णांवरच्या दुसऱ्या चाचणीतही गंभीर त्रास ६०.६ वरून ५०.५ टक्क्यांवर आला.

आयुष्य वाढतं का? पहिल्या चाचणीत सहा महिन्यांनंतरच्या जगण्यात दोन गटांत लक्षणीय फरक नव्हता. याचा उलटा अर्थ जास्त महत्त्वाचा आहे. तपासणीच्या गटात निम्म्या रुग्णांची पहिली केमो सौम्य करून दिली होती, तरी त्यामुळे कुणाचं आयुष्य घटल्याचं दिसलं नाही. फुप्फुसाच्या कॅन्सरवरच्या २०१६ च्या फ्रेंच चाचणीचाही कल तोच होता: जगणं तेवढंच, त्रास कमी.

ब्रिटनमधल्या एका चाचणीने हे आणखी पुढे नेलं. अन्ननलिका आणि जठराचा पसरलेला कॅन्सर असलेल्या, वयस्क किंवा अशक्त ५१४ रुग्णांना केमोचे तीन डोस वाटून दिले: पूर्ण, ८० टक्के आणि ६० टक्के. ६० टक्केवाल्यांत आजार तेवढाच काळ आटोक्यात राहिला आणि रुग्णांचा एकूण अनुभवही उजवा निघाला. मात्र हा हिशेब बरा न होणाऱ्या, पसरलेल्या आजाराचा आहे. जिथे कॅन्सर मुळातून जाण्याची आशा आहे, तिथे डोस कापण्याआधी स्तनाच्या कॅन्सरचा तो २००९ चा अभ्यास आठवावा.

डोस बदलणं हा तरी एकच उपाय झाला. ऑपरेशनला तीन-चार आठवडे हाताशी असतील, तर पावसाळ्याआधी घर शाकारून घ्यावं तसं शरीर शाकारता येतं: रोज चालणं, खुर्चीतून उठण्या-बसण्याचा व्यायाम, प्रथिनं, श्वासाचे व्यायाम, हिमोग्लोबिन वर आणणं, कवळी दुरुस्त करणं. फिजिओथेरपिस्ट, आहारतज्ज्ञ, कान तपासणारे हे कॅन्सरच्या उपचारात असे मागच्या दाराने नव्हे, पहिल्या दिवसापासून येतात.

‘त्यांना सांगू नका’

दार लोटून घेत मुलगी हळू आवाजात सांगते, ‘डॉक्टर, आईला कॅन्सर शब्द सांगितलेला नाही.’ भारतातल्या ऑन्कॉलॉजिस्टला हे वाक्य नवीन नाही. हेतू प्रेमाचा असतो. पण या तपासणीतला शेवटचा आणि कळीचा प्रश्न असतो, की तुम्हाला सर्वात महत्त्वाचं काय वाटतं, जास्त दिवस, की घरात स्वतःच्या पायांवर फिरता येणं, की दुखणं कमी होणं? तो आजार ठाऊक नसलेल्या माणसाला विचारताच येत नाही.

उत्तरं घरच्यांच्या अंदाजापेक्षा वेगळी निघतात. २००२ मध्ये अमेरिकेत गंभीर आजारी असलेल्या ६० वर्षांवरच्या २२६ जणांना विचारलं होतं. जीव वाचेल पण अंथरुणाला खिळाल असं असेल, तर सुमारे तीन-चतुर्थांश लोकांनी तो उपचार नको म्हटलं. जीव वाचेल पण माणसं ओळखता येणार नाहीत असं असेल, तर जवळपास ८९ टक्क्यांनी. आपल्याकडे आकडे वेगळे येऊ शकतील. विचारल्याशिवाय ते कळणार नाही. ‘आजी, तुम्हाला आजाराबद्दल किती जाणून घ्यायचंय? सगळं सांगू, की मुलीशी बोलू?’ एवढं विचारलं, तरी निर्णय त्यांच्या हातात राहतो. आणि आजी बहुधा म्हणतात, ‘मला कळलंय केव्हाच. तिलाच सांगायचं नव्हतं.’

पुढच्या काळासाठी आपली इच्छा लिहून ठेवण्याचा मार्गही आता खुला आहे. सर्वोच्च न्यायालयाने २०१८ मध्ये त्याला मान्यता दिली आणि २०२३ मध्ये प्रक्रिया सोपी केली. दोन साक्षीदार आणि नोटरी किंवा राजपत्रित अधिकाऱ्याची सही पुरते.

जिथे अशी ओपीडी नाही

महाराष्ट्रातल्या बहुतेक जिल्ह्यांत ती नाही. म्हणून पहिल्या भेटीला जाताना घरच्यांनी काही गोष्टी स्वतःहून न्याव्यात. औषधांची पिशवी, वर सांगितल्याप्रमाणे पुड्यांसकट. सहा महिन्यांपूर्वीचं वजन आणि आजचं वजन. चष्मा, कवळी, कानाचं यंत्र घरी ठेवू नये. ते नसेल तर डॉक्टरांना वेगळाच माणूस दिसतो. गेल्या सहा महिन्यांत किती वेळा पडले, कुठे, कशामुळे, हे लिहून न्यावं. कुठली कामं सुटली, तेही. आणि घरी रोज जवळ असणारं माणूस सोबत असावं, फक्त गाडी चालवणारं नव्हे.

डॉक्टरांना दोन प्रश्न विचारावेत. उपचार आजार मुळातून काढण्यासाठी आहे की आटोक्यात ठेवण्यासाठी? आणि पूर्ण डोस सोसेल असं तुम्हाला कशावरून वाटतं? ‘वय पाहता’ एवढंच उत्तर आलं, मग ते उपचार द्यायच्या बाजूने असो की टाळायच्या, तर चालून दाखवायची परवानगी मागावी.

एकदा केलेली तपासणी कायमची नसते. दुसऱ्या-तिसऱ्या केमोनंतर वजन, चाल, पडणं आणि गोळ्या यांची पुन्हा विचारपूस करावी लागते, कारण तोवर माणूस बदललेला असतो. काही जण सावरून इतके पुढे आलेले असतात, की कमी केलेला डोस वाढवता येतो.